पाकिटाची मागची बाजू आणि महिन्याचा किराणा

वेफर्सची दहा रुपयांची पुडी उलटी करून एमआरपीच्या शेजारी बघा. बारीक अक्षरात 'यूएसपी' असं लिहून पुढे 0.45 किंवा 0.50 असा एक आकडा असतो. हा युनिट सेल प्राइस, म्हणजे एका ग्रॅमचा भाव. तो छापणं बंधनकारक आहे. त्याला हजाराने गुणलं की किलोचा भाव हातात येतो. पुडीत 22 ग्रॅम वेफर्स असतील तर किलोला 455 रुपये पडतात. त्याच दुकानात शेंगदाणे किलोला दीडशे ते एकशे ऐंशीच्या दरम्यान मिळतात, फुटाणेही जवळपास त्याच भावाने. म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाणे, एका मुलाची मूठ भरून, पाच रुपयांत. (भाव गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, तेव्हा आपल्या दुकानातला आकडा घालून गणित करा. निष्कर्ष फारसा बदलत नाही.)

हे गणित आधी मांडायचं कारण असं की 'चांगलं खायचं तर महाग पडतं' हा समज बहुतेक घरांत पक्का बसलेला आहे. मॉलमधल्या 'हेल्दी' फळीकडे बघितलं तर तो खराही वाटतो. तिथे किनोआचे पफ आणि मसाला मखाणे किलोला हजाराच्या पुढे असतात. पण त्या फळीकडे जायची गरजच नाही. आपल्या खाण्यात जे चांगलं आहे ते बहुतेक वाण्याकडच्या पोत्यांत आणि खालच्या फळीवर असतं, आणि तेच स्वस्तही असतं. अडचण वेळेची आहे. संध्याकाळी साडेसहाला घरी पोचलेल्या माणसाला पाकीट फोडणं सोपं वाटतं, आणि त्यात त्याची काही चूक नाही. म्हणून पाकीट घ्यायचंच असेल तर कोणतं घ्यायचं, आणि कोणत्या दोन-तीन वस्तू घरी केल्या तर पाकिटाची गरज अर्ध्यावर येते, एवढ्यापुरतंच लिहिते.

घटकांची यादी आधी

पाकिटाची पुढची बाजू विकण्यासाठी असते, मागची कायद्यासाठी. मागे घटकांची जी यादी असते ती वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. सगळ्यात जास्त जे घातलंय ते पहिलं. त्यामुळे पूर्ण यादी वाचायला वेळ नसेल तर पहिली तीन नावं वाचा. पाकिटात साठ-सत्तर टक्के माल बहुधा त्या तीन नावांचाच असतो. 'रिफाइंड व्हीट फ्लोअर, शुगर, पामोलिन ऑइल' ही तीन नावं या क्रमाने दिसली की पुढे नाचणी असो, बदाम असो की केशर, तो पदार्थ मैदा, साखर आणि पामतेलाचाच आहे.

नुसतं 'व्हीट फ्लोअर' लिहिलं असेल तर त्याच्या पुढचा शब्द बघा. 'आटा' किंवा 'होल व्हीट' असेल तर कणीक, 'रिफाइंड' किंवा 'मैदा' असेल तर मैदा. ब्राउन ब्रेडच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. त्याचा तपकिरी रंग कॅरॅमलचाही असू शकतो. यादीत 150 हा आकडा आणि त्याला जोडून ए किंवा डी असं अक्षर दिसलं तर रंग घातलेला आहे. मग कणीक किती टक्के ते बघायचं आणि आकडा दिलेला नसेल तर सरळ साधा पाव घ्यायचा. निदान वरचे वीस-पंचवीस रुपये वाचतात.

टक्केवारीचा नियम आपल्या बाजूने आहे. ज्या घटकाचं नाव किंवा चित्र पुढे ठळक छापलंय, तो किती टक्के घातलाय हे यादीत सांगावं लागतं. नाचणीच्या बिस्किटांचं उदाहरण घेऊ. समजा पुढे नाचणीची कणसं आहेत आणि मागे 'नाचणीचं पीठ 12 टक्के' असं आहे. चार बिस्किटं म्हणजे साधारण 30 ग्रॅम. त्यात नाचणी साडेतीन ग्रॅम, जेमतेम एक चमचा. घरातल्या एका मध्यम भाकरीला 50 ते 55 ग्रॅम पीठ लागतं. त्या एका भाकरीइतकी नाचणी पोटात जायला अशी साठ बिस्किटं खावी लागतील. नाचणीत 100 ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं हे खरं आहे, पण ते नाचणीत असतं, नाचणीच्या चित्रात नसतं. मुलाला ते बिस्किट आवडत असेल तर बिस्किट म्हणून जरूर द्या, पण नाचणी दिल्याचं समाधान त्यातून मानू नका.

साखरेबाबत आणखी एक गोष्ट. एकाच पदार्थात साखर तीन-चार नावांनी येते. शुगर, इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, मध, गूळ. प्रत्येक थोडं थोडं घातलं की एकही नाव यादीत वर येत नाही. सगळ्यांची बेरीज केली तर कदाचित साखरच पहिल्या नंबरला असेल. यावर उपाय म्हणजे यादीवरून खालच्या तक्त्याकडे जायचं, कारण तिथे 'अ‍ॅडेड शुगर' हा एकच आकडा असतो आणि वरून घातलेली सगळी साखर त्यात मोजलेली असते.

तक्ता वाचताना

पोषणाच्या तक्त्यात दोन रकाने असतात, एक 100 ग्रॅमचा आणि एक 'पर सर्व्ह'चा. तुलना करताना कायम 100 ग्रॅमचा रकाना बघायचा. सर्व्हिंग किती ते कंपनी ठरवते. फरसाणाची सर्व्हिंग 20 ग्रॅम धरलेली असते, म्हणजे दोन-तीन चमचे. वाटीभर फरसाण खाणाऱ्या घरात हा आकडा निरुपयोगी आहे.

शेजारी टक्के दिलेले असतात ते 2000 कॅलरी लागणाऱ्या प्रौढ माणसाचे. त्यात दिवसाची मर्यादा वरून घातलेली साखर 50 ग्रॅम, संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) 22 ग्रॅम, सोडियम 2000 मिलिग्रॅम अशी धरलेली आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला एवढं लागत नाही. म्हणून तक्त्यात '20 टक्के' दिसलं तर मुलासाठी ते पंचवीस-तीसच्या घरात समजा. जागतिक आरोग्य संघटना साखरेसाठी 50 ग्रॅमची मर्यादा देऊन जमल्यास 25 ग्रॅमच्या आत राहा असं सांगते.

दुकानात उभं राहून करायच्या दोन आकडेमोडी पाठ असाव्यात. साखरेच्या ग्रॅमला चारने भागलं की चमचे. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ, म्हणजे 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ. दिवसाचं मीठ 5 ग्रॅम, सगळं जेवण धरून. आपल्याकडे आमटी, भाजी, लोणचं, पापड यातून ते बहुधा आधीच पूर्ण झालेलं असतं.

रोजच्या खाऊसाठी माझ्या मर्यादा अशा आहेत, 100 ग्रॅममागे: साखर 10 ग्रॅमच्या आत असेल तर निवांत घ्या, 20 च्या पुढे असेल तर ते गोड पदार्थाच्या खात्यात टाका. सोडियम 400 पर्यंत ठीक, 600 च्या पुढे गेलं की पाकीट परत फळीवर. संपृक्त चरबी 5 ग्रॅमच्या आत. ब्रिटनमध्ये पाकिटावर जे लाल-पिवळे-हिरवे रंग छापतात त्यात साखर 22.5 ग्रॅम, संपृक्त चरबी 5 ग्रॅम आणि मीठ दीड ग्रॅम याच्या पुढे लाल रंग येतो. म्हणजे हे आकडे काही फार कडक नाहीत. तरी फरसाणाच्या फळीवर यात बसणारं पाकीट शोधायला वेळ लागतो.

पुढच्या बाजूच्या शब्दांचं थोडक्यात. 'कोलेस्टेरॉल फ्री' हे शेंगदाणा तेलावर काय आणि वेफर्सवर काय, निरर्थक आहे, कारण वनस्पतीच्या तेलात ते नसतंच. 'ट्रान्स फॅट फ्री' (ट्रान्स फॅट म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणारी घातक चरबी) चांगलं आहे, पण जानेवारी 2022 पासून ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा सगळ्यांनाच आहे. त्या शब्दामागे पामतेलाची संपृक्त चरबी तशीच असू शकते. 'मल्टिग्रेन' म्हणजे एकापेक्षा जास्त धान्यं, एवढंच. ती किती आणि अख्खी की कोंडा काढलेली, हे त्या शब्दातून कळत नाही. 'बेक्ड' असेल तर चरबी खरंच कमी असते का ते तक्त्यात बघा, बऱ्याचदा असते, पण मीठ आणि साखर तेवढीच राहते. 'नो अ‍ॅडेड शुगर' असेल तर 'टोटल शुगर'चा आकडा बघा. खजुराच्या बारमध्ये तो 40-50 असू शकतो, आणि दातांना आणि वजनाला त्याने विशेष फरक पडत नाही.

'नो अ‍ॅडेड एमएसजी' (एमएसजी म्हणजे अजिनोमोटो) लिहिलेल्या पाकिटात बऱ्याचदा 627 आणि 631 हे आकडे असतात, ते चव वाढवणारेच घटक आहेत. पण अजिनोमोटोची जेवढी भीती आपल्याकडे आहे तेवढी मिठाची असायला हवी होती, असं मला वाटतं. नूडल्सच्या 70 ग्रॅमच्या एका पुडीत सोडियम साधारण 800 ते 1000 मिलिग्रॅम असतं, आणि त्याचा मोठा वाटा मसाल्याच्या चिमुकल्या पाकिटात असतो.

रंगांचे चार आकडे मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहेत: 102, 110, 122 आणि 124. पिवळ्या, नारिंगी, लाल गोळ्या-जेलीत हे सापडतात. आपल्याकडे त्यांना ठरावीक प्रमाणात परवानगी आहे. युरोपात 2010 पासून या रंगांच्या पदार्थांवर मुलांच्या लक्षावर आणि वागण्यावर परिणाम होऊ शकतो अशी सूचना छापावी लागते. दोन सारख्या किमतीच्या पुड्या समोर असतील तर बिनरंगाची उचलायला काय हरकत आहे?

फळीवर हात जातो तेव्हा

बिस्किटांत सगळ्यात जास्त फसगत डायजेस्टिव्हची होते. नाव औषधासारखं आणि चव कमी गोड, म्हणून ते मोठ्यांसाठी घेतलं जातं. मारी बिस्किटात चरबी 100 ग्रॅममागे 10-12 ग्रॅम असते, डायजेस्टिव्हमध्ये ती 20 च्या आसपास जाते. तंतू (फायबर) जास्त असतात हे खरं, पण भावही दीडपट-दुप्पट असतो. चहाबरोबर दोन बिस्किटं हवीत तर मारी पुरते. तंतू हवेत तर एक पेरू खा. क्रीमच्या बिस्किटांत साखर तिसऱ्या हिश्शाच्या पुढे असते, ती रोजच्या डब्यात नकोत. साधी ग्लुकोज बिस्किटं मधल्यामधली, साखर पाव हिस्सा. सहा बिस्किटांत दोन चमचे.

खारी आणि टोस्ट यांत फरक करा. खारीचे पदर सुटतात ते प्रत्येक घडीत मार्जरीन किंवा डालडा लावल्यामुळे. पदर जितके मोकळे तितकी चरबी जास्त, हे तिच्या कृतीतच आहे. पाकिटाच्या खारीवर 'इंटरएस्टरिफाइड व्हेजिटेबल फॅट' असं नाव दिसेल, ते त्याचंच नवं रूप. टोस्टमध्ये चरबी पुष्कळ कमी, साखर मध्यम. रोज चहाबरोबर काहीतरी लागतंच अशा घरात टोस्ट ठेवा आणि खारी पाहुण्यांसाठी आणा.

दुधात घालायच्या पावडरी. एप्रिल 2024 मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना या पावडरी 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितल्या, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. डब्याच्या मागे बघितलं तर बऱ्याच पावडरींत साखर 100 ग्रॅममागे 30 ग्रॅमच्या पुढे आढळते. दोन चमचे पावडर आणि वरून घरची एक चमचा साखर घातली तर दुधाचा कप गोड पदार्थ होतो. मूल साधं दूध पीत नसेल तर पावडर एकदम बंद करू नका, ते दूधच सोडून देतं. दोन चमच्यांची दीड करा, पंधरा दिवसांनी एक, आणि वरची साखर पहिल्याच दिवशी बंद. नाचणीचं सत्त्व हा घरचा पर्याय आहे. एक किलो नाचणी दहा-बारा तास भिजवून फडक्यात एक-दीड दिवस बांधून मोड आणायचे, कडकडीत वाळवायची, हलकी भाजून दळून आणायची. यात बिघडतं ते वाळवण्यात. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे, थोडा जरी ओला राहिला तरी पिठाला आठवड्यात कुबट वास येतो.

फळांचे रस. 'फ्रूट ड्रिंक' लिहिलेल्या डब्यात फळाचा रस दहा टक्के असला तरी कायद्याला चालतं. बाकी पाणी आणि साखर. 200 मिलिलिटरच्या डब्यात 100 मिलिलिटरमागे 12 ग्रॅम साखर असेल तर एका डब्यात सहा चमचे. 'शंभर टक्के रस' असं लिहिलेले बरेच रस घट्ट अर्कात पाणी घालून केलेले असतात, आणि जून 2024 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने असा दावा काढून टाकायला सांगितलं. वीस रुपयांत दोन केळी आणि वर एक लिंबू येतं.

दही साधं घ्या. फळांच्या दह्यात साखर असते, आणि श्रीखंडात तर 100 ग्रॅममागे चाळीस ग्रॅमच्या आसपास. श्रीखंड सणाला खायचं, जेवणातलं दही म्हणून नाही. आइस्क्रीमच्या डब्यावर 'फ्रोझन डेझर्ट' असेल तर त्यात दुधाच्या चरबीऐवजी वनस्पतीचं तेल आहे. पनीरच्या पाकिटावर 'अ‍ॅनालॉग' हा शब्द दिसला तरी तेच. स्वस्त म्हणून ते घेत असाल तर हे माहीत ठेवून घ्या, पनीर समजून नको.

जॅममध्ये दोन तृतीयांश साखर, केचपमध्ये पाव हिस्सा. दोन्हीच्या जागी शेंगदाण्याची चटणी किंवा 'फक्त शेंगदाणे' असं एकच नाव असलेलं पीनट बटर. ते घरीही होतं. 250 ग्रॅम शेंगदाणे भाजून, साल काढून, कोमट असतानाच मिक्सरमध्ये थांबत थांबत सहा-सात मिनिटं फिरवायचे. आधी कूट होतं, मग गोळा, मग तेल सुटतं. गोळ्याच्या टप्प्यावर लोक पाणी घालतात, तिथे सगळं बिघडतं. पाण्याने ते आणखी घट्ट होतं आणि दोन दिवसांत खराब. धीर धरा, तेल सुटतंच.

मसाला ओट्सच्या छोट्या पुड्यांऐवजी साध्या ओट्सचं मोठं पाकीट घ्या. किलोच्या भावात दोन-अडीच पट फरक पडतो आणि मीठ आपल्या हातात राहतं. ओट्स न आवडणाऱ्यांनी स्वतःवर जबरदस्ती करू नये. ज्वारीच्या लाह्या, दलिया, पोहे हे सगळं त्याच कामाचं आहे.

पातळ पोह्यांचा चिवडा, आकड्यांसकट

पाकिटातलं फरसाण कमी करायचं असेल तर त्याच्या जागी डब्यात तयार काहीतरी असावं लागतं, नुसत्या निश्चयाने होत नाही. भाजका चिवडा त्यासाठी सगळ्यात सोयीचा. पाऊण तासात होतो आणि चौघांच्या घरात दहा-बारा दिवस पुरतो.

पातळ पोहे 500 ग्रॅम, शेंगदाणे 100 ग्रॅम, डाळं 75 ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचे काप 30 ग्रॅम, तेल 60 मिलिलिटर म्हणजे चार मोठे चमचे, कढीपत्त्याच्या दोन काड्या, चार-पाच हिरव्या मिरच्या, हळद, हिंग, मोहरी, मीठ 9 ग्रॅम म्हणजे दीड सपाट चहाचा चमचा, पिठीसाखर 10 ग्रॅम.

पोहे चाळून घ्या. मोठ्या कढईत दोन भागांत, मंद आचेवर दहा मिनिटं भाजा, कलथ्याने खालून वर हलवत. आच मोठी झाली की पोहे आक्रसतात, कडेने मुडपतात, आणि मग चिवडा कितीही चांगला जमला तरी खाताना चामट लागतो. ऊन असेल तर पोहे दोन तास उन्हात ठेवले की भाजणं निम्म्या वेळात होतं. बोटांत चुरले की कुरकुरीत भुगा व्हावा, तोवर भाजायचं.

तेल तापवून मोहरी, मग मिरच्यांचे तुकडे. मिरची पांढरट होऊन पूर्ण कडक होईपर्यंत थांबा. चिवडा मऊ पडण्याचं पहिलं कारण हीच अर्धवट तळलेली मिरची असते, दुसरं कढीपत्ता. दोन्हींत पाणी राहतं आणि ते रात्रीतून पोह्यांत उतरतं. कढीपत्ता धुतला असेल तर पुसून, अर्धा तास पसरून मगच घाला. मग शेंगदाणे, ते तांबूस झाले की खोबरं, डाळं. गॅस बंद करून हळद, हिंग, मीठ, आणि मग पोहे. साखर सगळ्यात शेवटी, कढई कोमट झाल्यावर, नाहीतर ती विरघळून चिकट होते. परातीत पसरून पूर्ण गार करा. घाईने कोमट डब्यात भरला तर झाकणाला घाम येतो आणि सकाळी चिवडा वातड.

साधारण 750 ग्रॅम चिवडा होतो. चरबी 100 ग्रॅममागे सुमारे 18 ग्रॅम, आणि त्यातली अर्धी शेंगदाण्या-खोबऱ्याची. सोडियम 470 मिलिग्रॅमच्या आसपास. माझ्या 400 च्या रेघेच्या थोडं वर आहे. मीठ साडेसात ग्रॅम केलं तर खाली येतं आणि आठवड्यात जिभेला सवय होते. बाजारातल्या तळलेल्या फरसाणात चरबी 35 ते 40 ग्रॅम सहज असते. खर्च आजच्या भावाने शंभराच्या आत-बाहेर.

कुरमुऱ्यांचं भडंग याहून झटपट होतं, पण कुरमुऱ्यांत मीठ आधीच असतं. चार दाणे तोंडात टाकून बघितल्याशिवाय वरून मीठ घालू नका.

दुसरी वस्तू उपम्याचं तयार मिश्रण. अर्धा किलो रवा मंद आचेवर बारा मिनिटं भाजा. वेगळ्या कढईत 45 मिलिलिटर तेलात मोहरी, दोन मोठे चमचे उडदाची डाळ, पंचवीस-तीस कढीपत्त्याची पानं कडक होईपर्यंत, सुक्या मिरच्या, आणि 12 ग्रॅम मीठ. सगळं एकत्र करून गार झाल्यावर बरणीत. कांदा-आलं यात घालू नका, ओलाव्याने आठवड्यात बुरशी येते. एक वाटी मिश्रणाला अडीच वाट्या उकळतं पाणी, झाकण ठेवून पाच मिनिटं, आणि हाताशी असतील ते मटार-गाजर. सगळ्या मिश्रणात दहा जणांचा नाश्ता होतो. कोरड्या हातांनी काढलं तर महिनाभर टिकतं.

मोठं पाकीट, लहान डबी

किलोचं पाकीट पुड्यांपेक्षा स्वस्त पडतं, पण फक्त ते नेहमीच्याच वेगाने संपलं तर. घरात मोठं पाकीट उघडं असलं की येता-जाता हात जातो आणि महिन्याला दोन लागतात, मग बचत कसली. त्यावर उपाय म्हणजे आणल्या दिवशीच लहान स्टीलच्या डब्या भरून ठेवणं. चिवडा एक वाटी, फुटाणे 30 ग्रॅम, शेंगदाणे-गूळ 30 ग्रॅम. मुलाने डबी स्वतः निवडायची. डब्या संपल्या की त्या आठवड्याचं संपलं. शेंगदाणे, खोबरं, तेलकट पदार्थ हवेने आणि उजेडाने खवट होतात. पारदर्शक बरणी ओट्यावर सुंदर दिसते, पण ती उन्हाच्या बाजूला नको. पावसाळ्यात तर एका वेळी पंधरा दिवसांपेक्षा जास्त भरू नका.

सप्टेंबर 2025 मध्ये बिस्किटं, फरसाण, नूडल्स यांच्यावरचा जीएसटी 5 टक्क्यांवर आला, तेव्हापासून पाच-दहा रुपयांच्या काही पुड्यांचं वजन बदललंय. जुना पाठ असलेला भाव धरू नका, यूएसपी पुन्हा बघा. 'एकावर एक' योजनेत तारीख बघा. 'बेस्ट बिफोर' ही चवीची आणि कुरकुरीतपणाची तारीख असते, 'यूज बाय' मात्र ओलांडायची नाही. चार दिवसांत संपणाऱ्या तारखेची दोन पाकिटं घेऊन एक फेकलं तर ते अर्ध्या किमतीत मिळालेलं नसतं.

बचत गटाच्या चकल्या, शेव, पापड जरूर घ्या, भाव आणि चव दोन्ही चांगली असते. फक्त पाकिटावर अन्नसुरक्षेचा चौदा आकडी नंबर, तयार केल्याची तारीख आणि घटक आहेत ना ते बघा. लहान व्यावसायिकालाही नोंदणी लागते आणि ती करणं फार अवघड नाही. नसेल तर ताईंना तसं सांगा, त्यांनाही पुढच्या दुकानदाराकडे माल ठेवायला ती लागणारच आहे. मुंबई-ठाण्याकडे असाल तर ग्राहक पंचायतीची चौकशी करा. 1975 पासून तिथे शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याचं सामान एकत्र मागवलं आणि वाटलं जातं. यादी आधी द्यावी लागते, त्यामुळे फळीसमोर उभं राहून होणारी उचलाउचल आपोआप थांबते. हे सोसायटीतल्या पाच घरांनाही जमतं. शेंगदाणे, पोहे, डाळं, गूळ, नाचणी एवढ्या पाचच वस्तू घाऊक बाजारातून पोत्याने आणून वाटून घ्यायच्या. वजनकाटा एकीचा, पिशव्या ज्याच्या त्याच्या.

आणि पाकिटावर लिहिलेलं आत निघालं नाही, तारीख खोडलेली दिसली किंवा छापील किमतीपेक्षा जास्त घेतले, तर पाकीट फेकू नका. पाकीट, बिल आणि तारीख-बॅच नंबर दिसेल असा फोटो, एवढं जवळ ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवा. बॅच नंबर जपून ठेवायला हवा, आणि तो बहुतेकदा पाकिटाच्या नेमक्या त्या कडेवर असतो जी फोडताना आपण कापून टाकतो. म्हणून पाकीट दुसऱ्या बाजूने फोडा.